बेटावरचं पाचवं मत

लोकशाहीत एका मताची ताकद अशी असते की तिच्यापुढे सिंहासनं डळमळतात, सत्ता कोसळतात आणि इतिहास कूस बदलतो. या मतदारसंघात मात्र एका मताने फक्त एका घरातलं एकत्र जेवण बंद पडलं.

आमदारसाहेब पडले होते असं नाही. चांगले दणदणीत निवडून आले होते. तरीही निकालानंतर ते खासगी तपासनीसबाईंच्या खोलीवर आले, ते मागच्या जिन्याने. पुढच्या जिन्याखाली शिंप्याचं दुकान होतं आणि त्या शिंप्याला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची सवय होती.

"बसा," तपासनीसबाई म्हणाल्या. "काय हरवलंय?"

"एक मत," आमदारसाहेब म्हणाले आणि फरशीकडे बघत राहिले.

कोपऱ्यात भावोजी पेन्सिलीला टोक काढत बसले होते. भावोजी म्हणजे तपासनीसबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून ते घरात सारखे पायात पायात येत, म्हणून बहिणीने त्यांना इकडे धाडलं होतं. तपासनीसबाई त्यांना मदतनीस म्हणत. बहीण त्याला सुटका म्हणे.

आमदारसाहेबांनी हकिकत सांगितली. त्यांचं घर तलावातल्या बेटावर. बेटावर दुसरं घर नाही, त्यामुळे निवडणूक कचेरी दर वेळी होडीने यंत्र आणते आणि घरच्या होडीघरातच मतदान केंद्र थाटते. मतदार पाच: आमदारसाहेब, त्यांची आई, बायको, धाकटा भाऊ आणि सूनबाई. मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला, तो मतदानाला नव्हताच. निकाल केंद्रानुसार जाहीर होतात. बेटावरच्या केंद्राचा निकाल होता, शिडी चार, छत्री एक.

"शिडी माझी," आमदारसाहेब म्हणाले. "म्हणजे या वेळेपासून. आधी मी छत्रीवाल्यांत होतो. तीन वेळा छत्रीवर निवडून आलो. मग तत्त्वाचा प्रश्न आला."

"कुठल्या तत्त्वाचा?" भावोजींनी निरागसपणे विचारलं.

"त्यांनी तिकीट दिलं नाही," आमदारसाहेब म्हणाले. "ते दिलं माझ्या सूनबाईच्या सख्ख्या मामाला."

मग ते थांबले. पुढचं सांगायला त्यांना पाण्याचा पेला मागवावा लागला.

"काल जेवताना मी सगळ्यांसमोर तिला बोललो. खाल्ल्या घराचे वासे वगैरे. ती ताटावरून उठली आणि बॅग भरली. आज संध्याकाळच्या होडीने जाणार म्हणते. तिनेच केलं असेल तर मी बोललो ते बरोबर. पण नसेल केलं तर," त्यांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले, "मुलाला काय सांगू?"

हात तोंडावर होते तेव्हा दोन्ही तर्जन्यांची शाई अगदी स्पष्ट दिसली. डाव्याही आणि उजव्याही. भावोजींच्या हातातली पेन्सिल थांबली.

"मत कसं दिलंत, सांगा," तपासनीसबाई म्हणाल्या. "कोणाला ते नको. कसं, तेवढं."

हा प्रश्न मात्र आमदारसाहेबांना आवडला. त्यांनी खुर्चीतच पाठ ताठ केली. "सगळ्यांत आधी मी गेलो. बाहेर फोटोवाले होते. पडद्याआड गेलो, क्षणभर वडिलांचं स्मरण केलं, मान ताठ ठेवली आणि बटण दाबलं. चाचपडणं नाही, शोधणं नाही. इतक्या वर्षांचा सराव आहे. बोट आपसूक यंत्राच्या माथ्यावर जातं. दिवा लागला, काचेमागे चिठ्ठी पडली, तिला मान लववली आणि बाहेर आलो."

"आणि तुमच्या आई?"

"आईचं मत झालं व्यवस्थित," ते घाईने म्हणाले. "होडी खोळंबली असेल."

होडीत बसल्यावर भावोजी तपासनीसबाईंच्या कानाला लागले. "ताई, दोन्ही बोटांना शाई. माणसाने दोनदा मतदान केलंय."

"पाच मतदार, पाच मतं, भावोजी. त्यांनी दोनदा दिलं असतं तर सहा झाली असती."

भावोजींनी बोटांवर मोजून पाहिलं.

बेटाच्या धक्क्याशी होडीघर होतं. त्याच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची शिडी रंगवली होती आणि खाली ठसठशीत अक्षरं होती: 'खालून दुसरं बटण, विकासाचं लक्षण'.

आधी वहिनीसाहेब भेटल्या, आमदारसाहेबांच्या पत्नी. त्या गच्चीवर उशांचे अभ्रे वाळत घालत होत्या.

"माझ्यावर संशय आहे ना? घ्या की," त्या म्हणाल्या. "पण यांच्याविरुद्ध मत मी रोज देते, तोंडावर. त्यासाठी सरकारला होडी पाठवायला लागत नाही."

"मतदानाच्या दिवशी काही वेगळं घडलं?"

"नेहमीचंच. फोटो यायचा म्हणून चष्मा काढून माझ्या हातात दिला. चष्म्यात म्हातारे दिसतात म्हणे. म्हातारे नाहीत तर कोण आहेत? मला मेलीला सबंध वेळ पदराने काचा पुसत उभं राहावं लागलं. नंतर आले परत मागायला. म्हणाले, 'दे इकडे, आता काम जबाबदारीचं आहे.'"

"आणि सूनबाई?"

वहिनीसाहेबांनी एक अभ्रा उगीचच परत झटकला. "काल मी तिच्या बाजूने बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तोंडात घास होता म्हणून राहिलं, असं मी रात्रभर स्वतःला सांगतेय. घास केव्हाच गिळला होता."

धाकटे बंधू होडीच्या फटी बुजवत बसले होते. त्यांच्याजवळ कारणं भरपूर होती. वीस वर्षं दादांच्या सभांच्या खुर्च्या मांडल्या, पण एकदाही त्यांतल्या पुढच्या खुर्चीत बसायला मिळालं नव्हतं.

"दादांचा मला राग आहे," ते म्हणाले. "पण त्यांना पाडायचं असतं तर अख्खा तालुका फिरलो असतो. घरातल्या एका मताने फक्त अब्रू जाते. आणि अब्रू आमची सामाईक आहे, वाटणी व्हायचीय."

"सभांमध्ये दादा ठीक बोलले?"

बंधू हसले. "पहिल्या चार सभांत छत्रीलाच मतं मागितली. मी व्यासपीठावर मागे बसून कोट ओढायचो. शेवटी कोटाची शिवण उसवली." मग त्यांचं हसू मावळलं. "काल त्यांनी सूनबाईचं नाव घेतलं तेव्हा खरं सांगू, मला हायसं वाटलं. मला वाटलं होतं, माझं घेतील. अशा हायसं वाटण्याची लाज वाटते हो."

सूनबाई तिच्या खोलीत बॅगेवर बसली होती. बॅग बंद होत नव्हती, म्हणून.

"मी विचारणार नाही, मत कोणाला दिलं," तपासनीसबाई म्हणाल्या.

"बाबांनी तरी कुठे विचारलं?" ती म्हणाली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. मामाला द्यायचं असतं तर या घरातून निघताना मामाला फोन करून, पाया पडून दिलं असतं. लपूनछपून कशाला?"

"यंत्र कसं वापरायचं ते घरात कोणी शिकवलं?"

"मीच. पुठ्ठ्याचं यंत्र बनवलं होतं. मोठ्या पक्षांची नावं वर असतात, म्हणून मामाचं सगळ्यांत वर. शिडीचा पक्ष नवा, म्हणून बाबा खालून दुसरे. सासूबाईंकडून, काकांकडून दहादहा वेळा दाबून घेतलं. बाबा म्हणाले, मला काय शिकवतेस, मी आमदार आहे." तिने बॅगेची चेन ओढून पाहिली. "आजींना दिसत नाही. त्यांना आत मीच नेणार होते. ऐन वेळी बाबा म्हणाले, 'तू थांब, मी नेतो.' तेव्हाच कळायला हवं होतं मला, की भरवसा नाही."

भावोजी दाराबाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, मला ती पोर खरी वाटते. पण मामा सख्खा आहे हो."

"तुमची मेहुणी तपासनीस आहे, म्हणून तुम्ही हुशार ठरता का?"

भावोजींना हे लागलं, पण पटलं.

राहिल्या आजी. त्या मागच्या खोलीत रेडिओ उशाशी घेऊन बसल्या होत्या. काल जेवणाच्या टेबलावर काय झालं ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तपासनीसबाईंनीही फक्त आकडे सांगितले: चार आणि एक.

"मग त्यात शोधायचं काय?" आजी म्हणाल्या. "ते एक माझं."

भावोजींनी पेन्सिल खिशात ठेवून दिली. प्रकरण संपलं होतं.

"पडद्याआड गेल्यावर मी त्याला कानात सांगितलं, छत्री दाब. तुझ्या वडिलांनी जन्मभर सांभाळलेली निशाणी आहे, मी मरेपर्यंत तिलाच देणार. तो जरा घुटमळला. मग यंत्र वाजलं. म्हणाला, दाबली आई." आजींचा चेहरा उजळला होता. "स्वतःच्या विरुद्ध मत दाबायचं म्हणजे काय कमी आहे? पक्ष बदलला, पण मुलगा गुणाचा आहे माझा."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "सुटलं की. सूनबाईला थांबवू या."

"सुटलं असतं," तपासनीसबाई म्हणाल्या. "पण भावोजी, आईची छत्री त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबली असेल, तर ते एक मत कोणाचं हे त्यांना आधीच माहीत. मग ते आपल्याकडे आले कशाला? आणि सुनेला बोलले कशाला?"

भावोजींनी पेन्सिल पुन्हा बाहेर काढली.

जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले. आजींची खोली शेजारीच, दार लोटलेलं. सूनबाई बसली नाही. खांद्याला बॅग लावून दारात उभी राहिली.

"तिघांनी कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही," तपासनीसबाईंनी सुरुवात केली. "तो माझा अधिकार नाही, आणि गरजही नाही. छत्रीचं मत एकच आहे. ते सापडलं की उरलेली चार आपोआप शिडीची. साहेब, तुमचे हात टेबलावर ठेवता?"

आमदारसाहेबांनी ठेवले, पण उजवी मूठ मिटलेली होती.

"मत देणाऱ्याच्या डाव्या बोटाला शाई लागते. अंध मतदाराला जो आत घेऊन जातो, त्याच्या उजव्या बोटाला लागते, म्हणजे दिवसभर त्याने दुसऱ्या कोणाची सोबत करू नये. तेव्हा पडद्याआड तुम्ही दोनदा गेलात. पहिल्यांदा स्वतःसाठी, दुसऱ्यांदा आईंसाठी. दोन्ही वेळा बटण तुमच्याच बोटाने दाबलं गेलं."

"कायद्याने चालतं ते," आमदारसाहेब म्हणाले.

"कायद्याने आईंनी सांगितलेलं बटण दाबायचं असतं," तपासनीसबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "त्यांनी छत्री सांगितली. तुम्ही 'दाबली' म्हणालात. खरंच दाबली असती, तर ते एक मत आईंचं हे तुम्हाला ठाऊक असतं आणि तुम्ही माझा जिना चढला नसता. तुम्ही चढलात, कारण आईंचं मत शिडीलाच गेलंय याची तुम्हाला खात्री आहे. तेव्हा तुमच्या डोळ्यांवर चष्मा होता. वहिनीसाहेबांकडून मागून घेतला होतात, जबाबदारीचं काम म्हणून."

वहिनीसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग ते एक मत कोणाचं?" धाकट्या बंधूंनी विचारलं.

"पहिल्या खेपेला चष्मा वहिनीसाहेबांच्या पदरात होता. काचेमागची चिठ्ठी त्याशिवाय वाचता येत नाही, तिला नुसती मान लववता येते. आणि साहेब, तुम्ही मला काय सांगितलंत? बोट आपसूक यंत्राच्या माथ्यावर जातं. तीन निवडणुका तुमचं नाव तिथे होतं. या वेळी माथ्यावर सूनबाईंचे मामा होते. तुम्ही खालून दुसरे होतात. तुमच्या होडीघराच्या भिंतीवर लिहिलंय ते. ज्या तोंडाने चार सभांत छत्रीला मतं मागितली, त्याच माणसाचं बोट आहे ते. मत फुटलं नाही. सवयीने जुन्या घरी गेलं."

भावोजींना हसू येईल असं वाटलं होतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा पाहून ते आलं नाही. आमदारसाहेब आपल्या दोन बोटांकडे अशा नजरेने बघत होते, जणू ती दुसऱ्या कोणाचीतरी होती आणि त्यांच्या हातांवर विसरून राहिली होती.

"हळू बोलायची गरज नाही," लोटलेल्या दारामागून आजी म्हणाल्या. "डोळे गेलेत माझे."

आमदारसाहेब उठून दारापर्यंत गेले. आत जायचं धैर्य झालं नाही.

"माझी छत्री नाही दाबलीस?"

"नाही आई."

"आणि दाबली म्हणालास."

"हो."

"आणि स्वतःची दाबलीस ती चुकून."

"चुकून, आई."

"म्हणजे वडिलांच्या निशाणीला या घरातून मत गेलं ते तुझं," आजी म्हणाल्या. "जाणूनबुजून केलंस ते खोटं, आणि चुकून केलंस ते खरं. दार लावून घे."

त्यांनी दार लावलं. वळले तेव्हा सूनबाई दारात नव्हती.

त्यांनी धक्क्यावर तिला गाठलं तेव्हा ते धापा टाकत होते. होडी लागलेली होती, होडीवाला दुसरीकडे बघण्याचं नाटक करत होता, आणि मागून सगळं घर, तपासनीसबाई आणि भावोजी धरून, येऊन उभं राहिलं होतं. ती बॅग खाली ठेवून दम घेत होती. आमदारसाहेब तिच्यापुढे उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी माफी हा शब्द फक्त विरोधकांनी मागायच्या संदर्भात वापरला होता.

"सूनबाई, मी सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच सांगतो. चूक माझी. बोटाची नव्हे, जिभेची. उद्या वर्तमानपत्रात स्वतः छापून आणतो की घरभेदी मी. मुलाला आज कळवतो. आईच्या मताबद्दल निवडणूक कचेरीत जाऊन लिहून देतो, काय शिक्षा असेल ती असो. वाटलं तर राजीनामा देतो. या घरात तुझ्यावर ज्याने संशय घेतला त्याला या पाण्याकडे तोंड वर करून बघायचासुद्धा हक्क नाही. तू म्हणशील ते मी..."

"बाबा," सूनबाई म्हणाली.

"बोल. काहीही माग."

"पट्ट्यावरचा पाय काढा. बॅग परत वर न्यायचीय."