शिंपीणबाईंची निळी नखं

“चहा राहू द्या! माझ्या आईची शेवटची इच्छा कोणीतरी हाणून पाडतंय. कोण ते शोधा!” शिंपीणबाईंची मुलगी दारातूनच कडाडली.

पुढे केलेला कप मदतनीस ढोल्याने स्वतःच्याच तोंडाला लावला. त्याच्या मालकीणबाई, म्हणजे तपासनीस, कान देऊन ऐकू लागल्या.

शिंपीणबाईंनी देहदान ठरवलं होतं. “जन्मभर लोकांची मापं घेतली, आता डॉक्टर होणाऱ्या पोरांना माझं घेऊ दे,” असं त्या म्हणायच्या. आज त्या गेल्या. मेडिकल कॉलेजची गाडी दारात आली आणि मागोमाग पोलीस. निनावी फोन गेला होता: ‘विष घातलंय, नखं निळी पडलीत.’ आता शवविच्छेदन होणार, आणि ते झालं की कॉलेज देह घेत नाही.

“तुम्ही काय पाहिलंत?”

“पहाटे उठले. तिच्या खोलीत मिट्ट काळोख. दिवा लावला, तर आई मशीनवर डोकं टेकून गार पडलेली. मांडीवर कापड, मुठीत खुणेचा निळा खडू, बोटं नखांपर्यंत माखलेली. मी आधी तिचे हात धुतले, मग सगळ्यांना कळवलं.”

शिंपीणबाईंच्या घरी, त्यांच्याच खोलीत डॉक्टर भेटले. “हृदयच थकलं होतं. निळी नखं? छे! पांढरीफटक होती.”

मामा परगावाहून नुकतेच उतरले होते. “माझा विरोधच होता! तिच्या तोंडावर भांडलो. पण बहिणीच्या मागे पोलीस लावीन मी?”

थोरला मुलगा हळू आवाजात बोलला. “देहदानाच्या संमतीवर पहिली सही माझी. रात्रपाळी संपवून थेट माझ्या घरी झोपलो होतो, हिच्या फोनने उठलो.”

“या घराची किल्ली?”

“हिच्याकडे आणि माझ्याकडे.” खोलीबाहेर जाता जाता त्याने दिव्याचं बटण दाबलं. बिनखिडकीच्या खोलीत अंधार झाला.

“अहो, माणसं आहेत आत!” ढोल्या ओरडला. मग कुजबुजला, “मामाच असणार.”

“जो तोंडावर भांडतो, त्याला निनावी फोन कशाला लागतो?” तपासनीसांनी सगळ्यांना बोलावलं.

“हात धुतल्यावर निळं काही उरलंच नव्हतं. म्हणजे फोन करणाऱ्याने बाईंना मुलीच्या आधी पाहिलं. आणि काळोखात कापडावर खुणा कोण करतं? बाई गेल्या तेव्हा दिवा चालू होता. कोणीतरी किल्लीने आत आला, आणि जाताना सवयीने दिवा मालवून गेला. आत्ता आमच्यावर मालवला तसाच.”

थोरल्याचा चेहरा उतरला. “कोणीही उठून आईला कापणार... सहन होईना मला.”

“म्हणून आजच कापायला पाठवलीस?” बहीण किंचाळली.

“शवविच्छेदन लवकर उरकतं. शिवून परत देतात.”

ढोल्याला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

“मामा भांडला, तर आईला उत्तर तरी देता आलं!” बहीण त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “तू मान डोलावलीस आणि ती गेल्यावर उलटलास. भेकडा!”

“शवविच्छेदन अजून सुरू झालेलं नाही,” तपासनीस म्हणाल्या. “डॉक्टर नैसर्गिक मृत्यूचा दाखला द्यायला तयार आहेत. तक्रार खोटी होती हे तक्रार करणाऱ्याने कबूल केलं, तर पोलीस ते थांबवू शकतील.”

“नाव सांगावं लागेल?” थोरल्याने विचारलं.

बहिणीने पोलीस ठाण्याचा नंबर लावून फोन त्याच्या हातात कोंबला. पलीकडून आवाज आला, “कोण बोलतंय?”

“मी... त्यांचा मुलगा.”

“मोठ्याने,” बहीण म्हणाली.