परत बोलावणं

आमच्याकडची गाडी बायकोची. कागदावरही तिची आणि एरवीही तिचीच. मला गाडी येत नाही. "एका घरात एक ड्रायव्हर पुरे," असं मी म्हणायचो. त्यावर ती म्हणायची, "हो, आणि शेजारी बसून अक्कल शिकवणारा एक." ती उंचीला अगदी बेताची होती. सीट पार पुढे ओढून आणि खाली उशी घेऊन बसायची. मुलगी तिला चिडवायची, "आई, हॉर्न हाताने वाजव, नाकाने नको."

गाडी विजेवरची, पांढरी, छोटी. घराला लागूनच गॅरेज आहे आणि त्याची एक भिंत आतल्या झोपायच्या खोलीशी सामाईक आहे. ती गेल्यापासून गाडी तिथेच उभी होती. मी रोज संध्याकाळी काम संपवून आलो की थोडा वेळ गाडीत जाऊन बसायचो. माझ्या नेहमीच्या जागी, तिच्या शेजारच्या सीटवर. दुसरं काही करायचो नाही. दार लावून घेतलं की आत अजून तिच्या हाताला लावायच्या मलमाचा वास यायचा.

माझा धंदा फ्रीज आणि शीतगृहं दुरुस्त करायचा. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की गरम काय आणि थंड काय हे मला कळतं. हाताची मागची बाजू लावून बघायची सवय आहे. उष्णता आपोआप होत नाही, ती कुठून तरी येते. इतकी वर्षं याच एका गोष्टीवर माझं पोट चाललं.

तर एके सकाळी शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, "वाचलंत का? तुमच्या गाडीच्या कंपनीने गाड्या परत मागवल्यात. बॅटरी आपोआप तापते म्हणे. कुठेतरी एक उभ्या उभ्या पेटली."

"माझी तर महिनाभर जागची हललेली नाही," मी म्हणालो.

"अहो, तेच तर सांगतोय. पेट्रोलची पेटते धावताना, ही पेटते झोपेत. बाहेर काढून ठेवा. नाहीतर एक दिवस आमचाही चहा तिच्यावरच उकळायचा."

घरात आलो तर बायकोच्या फोनवर मेसेज होता. तो फोन मी बंद केला नव्हता. रोज चार्ज करून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवत होतो. कंपनीने मराठीत लिहिलं होतं, पण ते यंत्राने केलेलं मराठी असावं. गाडीबद्दल एक अक्षरही नव्हतं. तिचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं: "सुरक्षेच्या कारणास्तव आपणास परत बोलावण्यात येत आहे. कृपया लवकर यावे."

मला राग आला. हसूही आलं असेल थोडं. मी खाली दिलेला नंबर फिरवला.

एक मुलगी बोलली. आवाजावरून माझ्या मुलीएवढी असेल. तिने मॅडमना फोन द्यायला सांगितलं.

"ती गेली," मी म्हणालो.

"बरं. मग परत कधी येतील?"

आपल्याकडे माणूस वारलं असं कुणी पटकन म्हणत नाही. गेला, गेली, असंच म्हणतो. आणि ऐकणारा आवाजावरून समजतो. ती समजली नाही. तिला समजावून सांगायचं तर तो दुसरा शब्द उच्चारावा लागला असता आणि तो तोपर्यंत माझ्या तोंडातून एकदाही निघालेला नव्हता.

"येईल," मी म्हणालो. "संध्याकाळी येईल."

"ठीक आहे, तसं लिहून ठेवते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे गाडीत बसलो. बसताना आधाराला उजवा हात गिअरवर ठेवतो तसा ठेवायला गेलो, तो चुकून तिच्या सीटवर पडला.

सीट गरम होती.

उन्हाने तापते तशी नव्हती. गॅरेजला खिडकी नाही. आणि सगळी सीटही गरम नव्हती. बसतो तो भाग आणि पाठ टेकतो तो भाग. बसमध्ये एखादा उतारू उठला की आपण त्याच्या जागी बसतो, तेव्हा लागते तशी ऊब. कुणाच्या तरी अंगाची असते ती, आणि म्हणून ती नकोशी वाटते.

मी खाली उतरून गाडीखाली हात घातला. बॅटरी खालीच असते. पत्रा थंड होता. पुढचं झाकण थंड. फरशी थंड. मी मनात म्हटलं, मास्तरांनी डोक्यात किडा सोडलाय. पण हात माझा होता, आणि हाताला मास्तरांचं काही ऐकू येत नाही.

त्याच आठवड्यात मुलगी बाळाला घेऊन राहायला आली. जावई कामासाठी लांब, आणि मी एकटा नीट जेवत नाही असं तिच्या मनाने घेतलं होतं. बाळाला आम्ही चिमणी म्हणतो. अजून रांगत नव्हती, नुसती कुशीवर वळायची. त्या दोघी गॅरेजलगतच्या खोलीत झोपायच्या. घरात मोठा पलंग तिथेच आहे.

मुलीला मास्तरांनी पहिल्याच दिवशी गाठलं. ती तडक आत आली.

"बाबा, ती गाडी आजच्या आज बाहेर."

"कंपनीचा माणूस बघून जाणार आहे."

"तो बघेपर्यंत आम्ही भाजून निघू. भिंतीपलीकडे माझं लेकरू झोपतंय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

मी काय सांगणार? सीट गरम असते म्हणून मला गाडी हलवायची नाही, हे कसं सांगणार? कारण तोपर्यंत रोज संध्याकाळी ती ऊब असायची, आणि मी तिच्या शेजारी बसायला लागलो होतो. एक मन बॅटरीवर संशय घेई. दुसरं म्हणे, आली असेल तर येऊ दे.

कंपनीचा मेकॅनिक आला. गोरागोमटा, बोलका पोरगा. त्याने शेजारच्या सीटवरून वाकून वायर लावली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

"तिकडे नाही बसत?" मी विचारलं.

"कुठे बसू काका? काकूंनी सीट किती पुढे घेतलीय! माझे गुडघे कानाला लागतील." मग स्क्रीन बघून म्हणाला, "बॅटरी थंडगार आहे. तुमची बॅटरी त्या खराब मालातली नाहीच. उगाच घाबरू नका. लोक ऐकतात एक आणि घाबरतात दहा पट."

"मग ही सीट का गरम होते?"

त्याने हात लावून पाहिला. दुपार होती. सीट थंड होती.

"या गाडीत सीट तापवायची सोयच नाही, काका." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या समाधानासाठी वीजच तोडून जातो. मोठी बॅटरीही बंद, छोटीही बंद. आता हा नुसता पत्र्याचा डबा. हवं तर आत कोंबड्या पाळा."

तो गेला तेव्हा सीट पुढेच होती. मी स्वतः पाहिलं आणि गॅरेजच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात.

संध्याकाळी सीट गरम होती. आणि मागे सरकलेली होती.

आमच्या गाडीत सीट हाताने सरकवावी लागते. खाली एक दांडी आहे, ती उचलून जोर लावल्याशिवाय ती हलत नाही. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मी त्या गाडीला शिवतसुद्धा नाही." मी दांडी उचलून सीट पुन्हा पार पुढे घेतली. ऊब हाताला लागत होती. मनात म्हटलं, सैल झाली असेल. जुनी वस्तू आहे.

दुसऱ्या संध्याकाळी सीट पहिल्यापेक्षा मागे होती. समोरचा आरसाही वर वळवलेला होता. मी तिच्या उंचीने वाकून त्यात पाहिलं, तर नुसतं छत दिसलं. मग मी मान ताठ करून पाहिलं. तरी छतच. मी काही बुटका नाही.

त्यानंतर शेजारी बसायला मला बरं वाटेना. तरी मी बसत होतो. मलमाचा वास यायचा बंद झाला होता. मी स्वतःला समजावत होतो, की आजारपणात माणूस बदलतं, नंतर किती बदलत असेल कुणाला ठाऊक. पण सीटकडे बघून बोलायला तोंड उघडलं की शब्द घशातच राहायचे. अनोळखी माणसासमोर राहतात तसे.

एक दिवस मी तसाच बसलो होतो. मुलगी चिमणीला कडेवर घेऊन गॅरेजच्या दारात आली.

"बाबा, चहा निवतोय. पुन्हा बसलात त्या गाडीत?"

मी काच खाली घेतली नव्हती, दारच उघडं होतं. चिमणी गाडीकडे बघत होती. माझ्याकडे नव्हे. माझ्या पलीकडे. मग तिने दोन्ही हात पुढे केले. घ्या म्हणून बाळं करतात तसे.

"अगंबाई, आजोबांकडे जायचंय का?" मुलगी हसली आणि तिला माझ्याजवळ आणू लागली.

बाळाचे हात माझ्याकडे वळले नाहीत. तिने मान वर केली. आणखी वर केली. उंच माणसाचा चेहरा बघायला करतात तशी.

"घरात जा," मी म्हणालो.

"काय झालं?"

"तिला घेऊन घरात जा. आत्ता."

मी तिथूनच कंपनीला फोन लावला. पहिल्या वेळची तीच मुलगी होती. मी म्हटलं, गाडी घेऊन जा, उद्याच न्या, मला परत नको.

"पण तुमची बॅटरी तर चांगली निघाली आहे."

"तरी न्या."

"मॅडमची परवानगी लागेल. त्या आल्यात ना?"

"ती वारली," मी म्हणालो. पहिल्यांदाच म्हणालो. "मी पहिल्यांदा फोन केला त्याच्या आधीच वारली."

ती म्हणाली, "सॉरी काका. मला कळलं नव्हतं. पण मग त्या संध्याकाळी तुम्ही तसं का म्हणालात?"

"कोणत्या?"

"तुम्ही म्हणालात संध्याकाळी येईल, म्हणून मी संध्याकाळी मॅडमच्या फोनवर केला होता. तुम्हीच उचललात. मी विचारलं, आल्या का? तर तुम्ही म्हणालात, 'आलो.' आणि ठेवलात."

"आलो?"

"हो. मला वाटलं, दोघं मिळून आला असाल बाहेरून."

तो फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. मी त्या वेळी गॅरेजमध्ये होतो. माझी मुलगी तेव्हा अजून यायची होती. घरात कुणीच नव्हतं.

मी ते सकाळचं बोलणं आठवून पाहिलं. 'ती गेली' म्हणालो होतो, पण 'ती येईल' म्हटलं नव्हतं. नुसतं 'येईल' म्हटलं होतं. 'येईल' हे बाईलाही चालतं, बुवालाही चालतं. बोलावलं होतं, पण कोणाला, हे मी सांगितलंच नव्हतं.

सकाळी लॉरी आली. लॉरीवाला चांगला ताडमाड होता, गॅरेजच्या दारातून वाकून आत आला. गाडी ढकलत लॉरीवर चढवायची तर कुणीतरी आत बसून चाक धरावं लागतं, म्हणून तो बसला. बसला आणि ओरडला, "ओ काका, ही सीट कुणी एवढी मागे नेलीय? माझे पाय ब्रेकला पोचत नाहीत!"

मास्तर कुंपणापाशी उभे होते. ते हसले. मी हसलो नाही.

गाडी वळणाआड गेली तेव्हा मुलीने माझा दंड धरला. "बाबा, वाईट वाटतंय ना? आईची एवढी एकच खूण."

"नाही," मी म्हणालो. "बरं झालं."

मी गॅरेज झाडून काढलं, फरशीवर पाणी मारलं. भिंतीला हात लावून पाहिला. थंड होती. दिवस चांगला गेला. मुलगी बऱ्याच दिवसांनी गुणगुणत कामं करत होती. चिमणीने रडारड केली नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ती आपण होऊन झोपली.

"बाबा, तिच्याकडे बघा जरा, मी कणीक मळतेय," मुलगी आतून म्हणाली. "एरवी थोपटल्याशिवाय झोपत नाही बया. आज कशी एकटी झोपली कोण जाणे."

मी खोलीत गेलो. चिमणी पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला होती. पडू नये म्हणून कडेला लोड लावलेला. मी तिच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. छान गार होतं.

मग मी हात तिच्या शेजारी गादीवर टेकला.

तो उचलला. पुन्हा टेकला. उशीपासून हळूहळू खाली नेत गेलो. मी आडवा झालो तर माझे पाय जिथे संपतील त्याच्याही खाली. पलंग संपला तिथपर्यंत गादी उबदार होती.

चिमणीची एक मूठ त्या बाजूला होती. ती नीट मिटलेली नव्हती. बोटं गोल वळली होती, मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर वळतात तशी.

मी माझं बोट त्या मुठीत सरकवायला गेलो. आत जागा नव्हती.