चौकटीवरच्या रेघा

रविवारी दुपारी भावाकडे गेले ती निव्वळ पॉलिश पेपर पोचवायला. घराला रंग द्यायचा होता आणि स्वयंपाकघराची चौकट आधी घासून घ्यायची होती. याच चौकटीवर दर वाढदिवसाला बाबा आम्हा भावंडांच्या उंचीची रेघ मारायचे.

घरात ओल्या फडक्याचा वास भरून राहिला होता. वहिनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढत होती. टीव्हीवरची नजर न हलवता भाऊ म्हणाला, "ताई, आलीच आहेस तर चहा टाक ना."

मी टाकला. का टाकला, देव जाणे.

मग घासायला घेणार, तर चौकटीच्या आतल्या अंगाला आणखी रेघा दिसल्या. शेजारी तारखा, आईच्या अक्षरात. सगळ्यात वरची तिच्या लग्नाच्या वर्षाची. पुढची बोटभर खाली. मग आणखी खाली... शेवटची ती गेली त्या महिन्यातली, जेमतेम माझ्या खांद्याशी.

"आई एवढी ठेंगणी होती का रे?"

"पहिल्यापासूनच," भाऊ म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. साफ खोटं. वरच्या फळीवरचा डबा आई एका हाताने काढायची, मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पण बाबाही हेच म्हणायचे, पहिल्यापासूनच, आणि आम्ही माना डोलवायचो. मीसुद्धा. त्याचाच संताप जास्त आला.

आईच्या रेघांशेजारी तीन रेघा ताज्या होत्या. अक्षर वेगळं.

"वहिनी... हे कधीपासून?"

"दिसलं तुम्हाला?" ती कुजबुजली. "ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, तू पहिल्यापासूनच..."

"चप्पल घाल. माझ्याकडे चल."

"अगं, मग जेवणाचं काय?" बाहेरून भाऊ.

"हात आहेत ना तुला?"

वहिनी उंबरठा ओलांडून खाली गेली. पर्स उचलता उचलता मी चौकटीला पाठ लावून उभी राहिले. बाबांनी मारलेली माझी शेवटची रेघ सोळाव्या वर्षाची. त्यानंतर माझी उंची तसूभरही वाढली नाही की घटली नाही. डोक्यावर तळहात ठेवला आणि वळून पाहिलं.

रेघ हाताच्या वर होती. चांगली बोटभर.

मी फक्त चहा टाकला होता, तोही एकदाच.