झाकणावरची पेन्सिल

हमालांनी कपाट खाली नेलं आणि परत येऊन ते प्रिंटरकडे वळले, तशी ती दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे आडवी उभी राहिली. याला हात लावायचा नाही, दुरुस्तीवाले काका येताहेत, तेच हलवतील, असं तिने ठणकावून सांगितलं. हमाल हसत निघून गेले. ती मात्र प्रिंटरला कवटाळून तशीच उभी... तोच दारातून आवाज आला.

"मिठी मारून तो जागचा हलत नाही. आम्ही सगळे उपाय करून पाहिलेत."

ती गर्रकन वळली. काका नव्हतेच. हातात हत्यारांची पेटी, दुमडलेल्या बाह्या, आणि डोळ्यांत असं हसू, की चोरी पकडली गेल्यासारखे तिचे हात आपोआप खाली आले.

"मिठी नव्हती ती," ती म्हणाली. "पहारा होता."

"मग पहारेकरी, जरा बाजूला होता का?"

काकांची कंबर धरली होती, म्हणून त्यांनी पुतण्याला पाठवलं होतं.

कार्यालय तिच्या मामांचं, आणि आज ते समोरच्या इमारतीत हलत होतं. मामा घरांचे नकाशे करायचे, आणि भाची म्हणून ती तिथे चिकटली असं सगळे म्हणायचे. मामा तर तिला तोंडावर धांदरट म्हणत. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. मागच्या खेपेला जागा बदलताना तिच्याच देखरेखीखाली हमालांनी प्रिंटर आडवा केला होता आणि आतली काळी पूड मामांच्या नव्या सदऱ्यावर सांडली होती. पण आज दुपारी एक गिऱ्हाईक नव्या जागेत घराचा नकाशा पाहायला येणार होतं, आणि तो नकाशा तिने स्वतः, एकटीने काढलेला पहिलाच नकाशा होता. प्रिंटर धडपणे पोचला आणि प्रती वेळेत निघाल्या, तर नकाशा तू दाखव, मामांनी सांगितलं होतं. नाहीतर माझा जुना आहेच.

हे सगळं तिने त्याला एका दमात सांगून टाकलं. का सांगितलं, तिचं तिलाच कळेना.

तो मान डोलवत कामाला लागला. पुडीचे डबे काढले, कागदाचे खण चिकटपट्टीने बांधले. मग त्याने काचेखाली सरकणारा दिवा तिला दाखवला आणि कडेची बारीकशी कळ अंगठ्याने लोटली. ही लावली की दिवा जागच्या जागी राहतो, आपटत नाही, तो म्हणाला. शेवटी त्याने तिच्याकडे पाहिलं.

"ती केसांतली पेन्सिल मिळेल का? गोल आहे ना?"

तिने पेन्सिल ओढली आणि अंबाडा खांद्यावर सुटला.  मग त्याने पेन्सिल झाकणावर आडवी ठेवली. डबे काढले तरी थोडी पूड आत उरतेच, यंत्र कललं तर ती सांडते. ही पेन्सिल घरंगळली नाही, की समजायचं आपण सरळ चाललोय.

"आपण?" ती म्हणाली.

"काकांची कंबर इथे नाहीये. तुमचीच चालवून घ्यावी लागेल."

दोघांनी मिळून प्रिंटर उचलला. पायांकडे बघू नका, तो म्हणाला, माझ्याकडे बघा, म्हणजे पावलं जुळतील. जिना उतरले, गल्ली ओलांडली. समोरच्या इमारतीचा जिना चढताना पेन्सिल हळूच त्याच्या बाजूला सरकली.

"तुम्ही माझ्याकडे झुकताय," तो म्हणाला.

"तुम्ही खालच्या पायरीवर आहात म्हणून," ती म्हणाली, आणि कानांपर्यंत लाल झाली.

शेवटच्या वळणावर टुक्... असा बारीक आवाज झाला. पेन्सिल पडली होती. तिला कळलं. पण सांगितलं असतं तर त्याने नजर काढून घेतली असती, म्हणून ती गप्पच राहिली. प्रिंटर तिने जीव मुठीत धरून सरळ ठेवला.

नव्या टेबलावर प्रिंटर बसला, डबे आत गेले, तारा जोडल्या. गिऱ्हाईकाला घेऊन मामाही आले. तिने नकाशा काचेवर ठेवला आणि बटण दाबलं.

खर्र... खट्. खर्र... खट्.

मामांच्या कपाळाला आठी पडली. त्यांचा हात जुन्या नकाशाच्या गुंडाळीकडे गेला. पुतण्या बिचारा घामाघूम झाला होता, खण उघडत होता, तारा चाचपत होता. एकाएकी तिला कळ लोटणारा त्याचा अंगठा आठवला. ती वाकली. कडेची कळ मागे लोटली. बटण दाबलं.

दिवा अलगद सरकला आणि तिचं घर कागदावर बाहेर आलं. एकही रेघ फाटली नव्हती.

मामांनी विचारलं, काय झालं होतं? त्याने सांगायला तोंड उघडलं, पण तीच आधी म्हणाली, नवी जागा ना मामा, रुळायला वेळ लागतो. मामांनी गुंडाळी खाली ठेवली. "चल, दाखव तुझा नकाशा."

गिऱ्हाईकाला घर आवडलं. फार आवडलं. मामा त्यांना पोचवायला खाली गेले, तेव्हा ती जवळजवळ उडतच प्रिंटरपाशी आली. तो अजून तिथेच होता. चार हत्यारं पेटीत भरायला त्याला भलताच वेळ लागत होता.

"ती कळ मी आजवर कधी विसरलो नव्हतो," तो खाली बघत म्हणाला.

"मग आज?"

"आज... लक्ष पेन्सिलीवर होतं."

"पेन्सिल तर जिन्यातच पडली होती."

"हो," तो म्हणाला, "ते मला नंतर कळलं."

त्याने खिशातून पेन्सिल काढून पुढे केली. जिन्यात जाऊन तो ती शोधून आला होता. तिने हात पुढे केला नाही. पाठ फिरवली, केस गोळा करून वर धरले आणि म्हणाली, "तुम्हीच बसवा."

बारीकातला बारीक स्क्रू तो नेमका बसवायचा. पेन्सिल मात्र पार वाकडी बसली. दोघांनाही हसू आवरेना.

जिन्यातून मामांनी हाक मारली, "अगं, प्रिंटर नीट चालतोय ना?"

"चालतोय, मामा," ती म्हणाली. "पण हे उद्या पुन्हा एकदा बघून जाणार आहेत."