काजळी चोळल्यावर उमटलेली रेघ

मी निशामणी. शाळा दोन यत्ता. पण खोटं बोलून मला काय मिळायचंय? ज्याला पटणार नाही, त्याने इथूनच उठावं.

पुरीजवळ, भार्गवी नदीकाठी आमचं चित्रकारांचं गाव. कार्तिकातली दुपार होती. लख्ख उजेड.

आमचे पुरुष ताडपत्रावर लोखंडी लेखणीने चित्र कोरतात. नुसतं कोरलेलं दिसत नाही. आम्ही बायका वरून काजळी चोळतो, तेव्हा रेघा उमटतात.

थोरले दीर पोथी अर्धी टाकून वारले. अशी पोथी लेखणीसकट नदीत सोडायची, ही रीत. पण माझा पोरगा दैतारी हटून बसला.

"काकांची पोथी मी पुरी करणार."

"स्वतःची एक धड होत नाही, आणि निघाला काकांची पुरी करायला!"

हसला नुसता. त्यांचीच लेखणी घेऊन बसला.

मग एकदा तो डाव्या हाताने पखाळ, आमचा पाण्यात भिजवलेला भात, खाऊ लागला...

"मेल्या, हात बदल!"

"कुठला हात, आई?"

त्याला कळतच नव्हतं.

थोरले दीर डावखुरे होते.

त्या दुपारी मी ओसरीवर काजळी चोळत होते. आतल्या खोलीत लेखणी चालली होती.

खर्र... खर्र...

एवढ्यात दैतारी अंगणातून आला. तळ्यावरून अंघोळ करून. ओलाचिंब.

आत आवाज चालूच...

"आत कोण आहे रे?"

"मीच की, आई," तो म्हणाला.

माझा हात आपसूक पदराकडे गेला. थोरल्या दिरांना आम्ही तोंड दाखवत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

पदर मागे सारला. दारात उभी राहिले.

"पोथी तुमची, घेऊन जा. पोरगा माझा आहे!"

आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. पानावर कोरल्याचा भुसा मात्र ताजा...

पोथी, लेखणी, सगळं तसंच उचललं आणि नदीत सोडलं. रात्री दैतारी उजव्या हाताने जेवला. जगन्नाथाला हात जोडले, म्हटलं सुटलो.

दुसऱ्या दिवशी त्याने नवं पान कोरलं. लेखणी नवी. हात उजवा.

मी काजळी चोळली...

दिरांची सगळी पानं आयुष्यभर मीच चोळली. त्यांची रेघ मला कुणी सांगायला नको.

गावातले म्हणतात, "निशामावशी, पोरगा अगदी काकांच्या तोडीचा झाला हो!"

मला कुणाला उत्तर द्यायला कधी वेळ लागला नाही.

यावर मात्र मी पदर तोंडावर ओढून घेते.