ॲव्हिसच्या टाकीतलं पाणी

मध्ये मध्ये प्रश्न विचारू नकोस, म्हणजे सांगते. आणि तो पंखा जरा कमी कर, माझा आवाज पहिल्यासारखा राहिलेला नाही.

फेब्रुवारीतला शनिवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. माझ्या जुन्या मित्राचा, मर्व्हचा फोन आला म्हणून मी खाऱ्या पाण्याच्या चार बादल्या गाडीत घातल्या आणि निघाले. यात विशेष काही नव्हतं. आमच्या या समुद्रकाठच्या टाउन्सव्हिलमध्ये कुणाच्या घरच्या टाकीतलं प्रवाळ आजारी पडलं की लोक मलाच बोलावतात. तीस वर्षं वॉर्डात माणसांची शुश्रूषा केली, निवृत्त झाल्यावर या मुक्या जनावरांची. हो, जनावरंच. प्रवाळाला दगड किंवा झाड समजणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही.

मर्व्हचं होतं ते मऊ जातीचं. जाड देठ, वर भूछत्रासारखी टोपी आणि टोपीवर शेकडो बारीक बोटं. बरं असलं की ती बोटं बाहेर काढून पाण्यात डोलत राहतं. ॲव्हिसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, अंगठ्याएवढं आणून ते बशीएवढं केलं होतं. ॲव्हिस नोव्हेंबरात गेली. तेव्हापासून त्या घरात जिवंत असं ती दोन फुटांची टाकीच होती. मर्व्हला मी त्यात धरत नव्हते.

त्यानं दार उघडलं तर पँट कमरेला दोरीनं बांधलेली.

"आलीस? पाय पुसून ये, ॲव्हिस रागावते."

"जेवलास का?"

"टोस्ट खाल्ला."

"कधी?"

"गुरुवारी असेल बहुतेक."

मी त्याला चार शब्द सुनावले. तो मान हलवत राहिला. आत सगळे पडदे ओढलेले होते आणि टाकीचा निळा दिवा तेवढा जळत होता. बाहेर टेकडीवर काळे ढग चढले होते, पण पान हलत नव्हतं. अंगाला घाम नुसता चिकटून बसलेला. टाकीजवळ गेले आणि थबकले. सडणाऱ्या प्रवाळाची घाण मला चांगली ठाऊक आहे, नाक धरून पळावं अशी असते. इथे ती नव्हती. इथे ॲव्हिस लावायची त्या टाल्कम पावडरचा वास येत होता.

प्रवाळ पार गेलं होतं म्हण ना. टोपी आक्रसलेली, कडा काळी पडून झडायला लागलेली. एका बाजूला वीसेक बोटं तेवढी उरली होती, ती ॲव्हिसच्या खुर्चीच्या बाजूला.

मी पाणी तपासायला घेतलं. खारटपणा बरोबर. तापमान बरोबर. मग काचेच्या नळीत फॉस्फेट तपासायची भुकटी टाकून हलवलं. चांगल्या पाण्याला जेमतेम निळसर झाक येते. हे शाईसारखं झालं. पुन्हा केलं. पुन्हा शाई.

"मर्व्ह, काय घातलंस या पाण्यात?"

"काही नाही."

"खायला किती घालतोस?"

"चिमूटभर. तू सांगितलंस तेवढंच."

"मग हे आलं कुठून? एवढं फॉस्फेट म्हणजे हाडांची भुकटीच..."

मर्व्ह टाकीच्या तळाकडे बघत होता. तळाच्या पांढऱ्या वाळूत एक राखाडी थर होता.

"बोटीवर तिला ओकाऱ्या यायच्या गं," तो हळूच म्हणाला. "तिनं सांगितलं होतं, माझी राख भर समुद्रात, प्रवाळांच्या रीफवर नेऊन सोड. पण तेवढ्या लांब, त्या खोल पाण्यात... एकटीला टाकून यायचं? इथे तिची ओळखीची मंडळी तरी आहेत."

मला रडूही आलं आणि रागही. "अरे वेड्या, तीच मारतेय त्याला!" असं मी बोलून गेले, आणि लगेच जीभ चावली. तो पांढराफटक पडला.

मग मी त्याला समजावलं, की वाळू आणि जुनं पाणी काढावंच लागेल, नाहीतर सोमवारपर्यंत प्रवाळ मेलेलं असेल.

"तिला मोरीत ओतणार?"

"नाही रे बाबा. बादल्यांत भरून झाकणं लावू. उद्या दोघं मिळून पॅलारेंडाच्या किनाऱ्यावर घेऊन जाऊ. तिथे बोटीत बसावं लागत नाही."

त्यानं डोळे मिटले. "काढ," म्हणाला. "पण हळू काढ."

मी पंप बंद केला. त्या पंपाची घरघर थांबली तेव्हा कळलं, घर किती शांत होतं. पाणी स्थिर झालं. मी नळी सोडली आणि पाणी बादलीत उतरायला लागलं. अशा वेळी प्रवाळ उरलीसुरली बोटं आत ओढून घेतं. त्यानं घेतली नाहीत. ती वीस बोटं एकदम वर उचलली गेली आणि खाली आली. वर, खाली. वर, खाली. भराभर, सातआठ वेळा... आणि थांबली.

पुन्हा सुरू झाली.

"पंप बंद केलास ना?" मर्व्ह कुजबुजला.

मी हातातला प्लग त्याला दाखवला.

माझी सवय वाईट. मी मनात मोजायला लागले होते. भराभर आठ, मग थांबा बावीस सेकंदांचा. परत आठ, परत बावीस. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचार, हा श्वास कधीचा असतो. माणूस निघालेलं असतं तेव्हाचा. ॲव्हिसचा तसाच होता, तोच आकडा. आणि आता तुला सांगते, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी हॉस्पिटलात मर्व्ह तिच्या उशाशी बसला होता, मीही तिथेच होते. त्याला मीच उठवलं. म्हटलं, घरी जा, टाकीतलं पाणी आटलं असेल तेवढं गोडं पाणी घालून ये, अजून वेळ आहे. एवढा जन्म वॉर्डात काढलेली बाई मी, आणि माझाच अंदाज चुकला. तो घराच्या दारात पोचला असेल नसेल, ती गेली. जाताना दोनदा म्हणाली, मर्व्ह कुठाय?

पाणी उतरत गेलं तसा थांबा लांबत गेला. तीस. अडतीस.

"मर्व्ह... कोपरापर्यंत हात धुवून ये. साबण लावू नकोस."

"कशाला?"

"आणि टाकीत हात घाल. मी तेव्हा तुला पाठवायला नको होतं रे. आता कुठे जाऊ नकोस."

त्यानं हात धुतला, पाण्यात घातला आणि त्या काळवंडलेल्या टोपीवर तळवा ठेवला. ती बोटं त्याच्या बोटांना बिलगली, मी डोळ्यांनी बघितलं.

"मी आहे गं इथे," तो म्हणाला. "आलो मी."

आठ वेळा वर, खाली. मग थांबा. मी साठ मोजले. नव्वद. दोन मिनिटं. परत काही झालं नाही. टाल्कमचा वासही गेला होता.

पुढचं सगळं मी यंत्रासारखं केलं. वाळू उपसली, काळी कडा ब्लेडनं कापून काढली, नवं पाणी भरलं, पंप लावला. असं प्रवाळ सावरायला पंधरा दिवस लागतात, तेही नशीब असेल तर. हे तासाभरात उघडलं. टोपी पसरली, शेकडो बोटं बाहेर आली, जिथे मघाशी काहीच उरलं नव्हतं तिथूनसुद्धा. मर्व्ह आधी रडला, मग भूक लागली म्हणाला. मी सॉसेज भाजले, त्यानं पावात घालून चार खाल्ले आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मला वाटलं, वाचला गं बाई! दोघंही वाचले.

मग तो ॲव्हिसच्या खुर्चीत झोपला. मी बादल्या झाकून, व्हरांड्यात ठेवून, निघते म्हणून सांगायला आत आले.

टाकीतली बोटं संथपणे वरखाली होत होती. पंपाच्या लाटेला धरून नव्हे, तिच्याविरुद्ध. मी मोजलं, मिनिटाला सोळा. धडधाकट माणसाचा, गाढ झोपेतला श्वास. आणि खुर्चीत मर्व्हची छाती भराभर हलली. आठ वेळा. मग थांबली.

बावीस सेकंद.

मी त्याला गदागदा हलवलं. "काय गं, घर पेटलं की काय?" म्हणत तो उठून बसला. नाडी उत्तम, ओठ गुलाबी. सोमवारी त्याला डॉक्टरकडे ओढून नेलं. डॉक्टरनं सगळं तपासलं, काही सापडलं नाही, उलट मलाच विश्रांती घ्यायला सांगितलं. त्याआधी रविवारी आम्ही बादल्या समुद्रात रिकाम्या केल्या. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून कितीतरी वेळ तिच्याशी बोलला, अगदी शहाण्यासारखा.

याला दोन वर्षं झाली. प्रवाळ आता ताटाएवढं आहे. मर्व्हनं वजन धरलंय, बागेत खपतो, सगळ्यांना सांगतो की अशी झोप जन्मात लागली नव्हती. दर शनिवारी जेवण झालं की तो त्या खुर्चीत आडवा होतो आणि मी शेजारी घड्याळ घेऊन बसते. कोणाला काय सांगणार? मी कुठे पाठवायचं नाही त्याला, एवढं ठरवलंय.

त्याच्या श्वासातला तो थांबा आज दुपारी चार मिनिटांवर गेला. आणि तेवढा वेळ तो झोपेत, कुणीतरी समोर बसून सांगत असावं तशी, हळूहळू मान डोलवत होता.