वरच्या वाडीचा कोरडा नळ

आम्रपाली महाडच्या त्या लहानशा कार्यालयात आली, तेव्हा तिच्या ओढणीला धुराचा वास होता.

“माझे वडील सोमा उंबरकोंडची पाण्याची टाकी सांभाळतात,” ती म्हणाली. “वणवा पेटलेला असताना त्यांनी पाणी तोडून आमच्या बौद्धवाडीकडे वळवले, म्हणून वरच्या वाडीतल्या रंगूबाई जळाल्या, अशी तक्रार आहे. लोकांनी आबांना मारले. आता ते कोठडीत आहेत.”

“टाकी रिकामी झाली होती?” खासगी शोधक तेजश्रीने विचारले.

“नाही. दुसऱ्या सकाळी अर्धी भरलेली होती.”

तेजश्रीचे सहकारी सुहास, निवृत्त संस्कृत शिक्षक, हळहळले. “पाणी असून नळ कोरडा! मग कोणीतरी तोडलेच की.”

आंबेनळी घाटाखाली उंबरकोंडचा डोंगर काळवंडून उभा होता. माथ्यावर टाकी, तिच्यापासून एकच नळ वरच्या वाडीतून गावात आणि पुढे सखल भागातल्या बौद्धवाडीत उतरत होता. तेजश्री त्याच्या कडेने शेवटपर्यंत चालली. टाकीपाशी एक व्हॉल्व्ह होता; त्याच्याखाली कुठेही दुसरा नव्हता, फाटाही नव्हता.

रंगूबाईंचा मुलगा मोरू जळक्या गोठ्यापाशी बसला होता. तक्रार त्याचीच.

“खालनं जाळ चढत आला. आय ढोरं सोडाया आत शिरली. माज्या हातात पाइप व्हता, पानी जोरात येत व्हतं. तेवढ्यात मोबाइलवर गावाच्या ग्रुपात भरतभाऊचा निरोप आला, सोमानं पानी तोडून बौद्धवाडीकडं वळवलं, हाय तवर समद्यांनी भरून ठेवा. मी म्हनलं, माजं तर चालू हाय! आन् मग नळ फुसफुसला.” त्याने तोंड फिरवले. “आय भाएर आली नाय.”

बौद्धवाडीतल्या कमळाबाई उंबऱ्यातूनच बोलल्या. “निरोप आला तसे समद्यांनी नळ सोडले. गावानं बी, आमी बी. हंडे, पिंपं, टोप, काय ठेवलं नाय गो. आता आमालाच चोर म्हनतात!”

पंचायतीच्या निवडणुकीला उभा असलेला भरत मात्र मोकळेपणाने बोलला.

“मी महाडात होतो, ताई. घरून बायकोचा, सेजलचा फोन आला, नळ आटला म्हणून. लोकांना सावध करायला नको?”

“घर कुठे तुमचे?”

“गावात. वरच्या वाडीच्या खाली.”

“आणि राब?”

“भाजायचा राहिलाच होता. वणवा वरून आला नि घेऊन गेला. माझेही नुकसानच!”

भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. वरच्या वाडीखालच्या उतारावर भरतच्या राबाच्या वरच्या कडेला ऐनाच्या झाडाची ओली डहाळी पडली होती; तिची पाने टोकांना करपली होती. राबाच्या खालचे वाळके गवत मात्र शाबूत होते.

संध्याकाळी सारे शाळेच्या पडवीत जमले.

“पाणी कोणी तोडले नाही,” तेजश्री म्हणाली. “व्हॉल्व्ह एकच, टाकीपाशी. तो बंद असता तर खालचे हंडे भरलेच नसते. वळवायला फाटाही नाही. खालचे सगळे नळ एकदम सुटले की पाणी उताराकडे ओढले जाते. टाकी अर्धी असूनही वरचा नळ कोरडा पडतो.”

“म्हणजे निरोपानेच...” सुहास पुटपुटले.

“निरोप खोटा होता. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि तो खरा झाला.”

भरत उसळला. “मला फोन आला होता!”

“कशाचा? वरचा नळ आधी आटतो, भरत, गावातला नंतर. तुमचा निरोप आला तेव्हा मोरूच्या हातात पाणी होते. मग तुमच्या घरचा नळ कसा आटेल?”

भरत पडवीच्या पायरीकडे सरकला.

“तुम्ही म्हणता वणवा वरून आला. मोरूने तो खालून चढताना पाहिला. तुमच्या राबाखालचे गवतही शाबूत आहे. आग तिथून वरच गेली. कोणीतरी ओल्या डहाळीने ती झोडपत होते. राब तुम्हीच पेटवलात. आग हाताबाहेर गेली. लोक ‘कोणी पेटवले’ विचारण्याआधी त्यांना ‘पाणी कोणी तोडले’ विचारायला लावलेत. बौद्धवाडीचे नाव घेतले की गाव विश्वास ठेवील, हे तुम्हाला ठाऊक होते.”

“वारा फिरला...” भरत पायरीवर बसला. “मी फक्त निरोप पाठवला. कोन मरंल असं वाटलं नव्हतं.”

पडवीत कोणी कोणाकडे पाहिले नाही. हंडा न भरलेले घर गावात एकही नव्हते.

मोरू उठला आणि आम्रपालीपुढे येऊन थांबला.

“तुज्या आबावर पयला हात मी टाकला गो,” तो म्हणाला. “माफी नको देऊस. ठाण्यात चल. तक्रार मी दिली, मीच मागं घेतो.”

तिने पायात चपला सरकवल्या आणि त्याच्या पुढे चालू लागली.